काका, समोरचे आणि प्रोग्रॅमचं म्हणणं

काका आणि समोरचे टेलर यांची जिवलग मैत्री असणार, असं प्रोग्रॅमचं म्हणणं होतं. त्याने त्यांना शंभरातले सत्त्याण्णव गुण दिले होते. त्या दोघांतून वीसेक वर्षं विस्तव जात नव्हता, हे प्रोग्रॅमला बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सांगायची जबाबदारी पुतणीची होती, कारण प्रोग्रॅम तिचा होता आणि काकाही तिचेच होते. गल्लीत तिला सगळे ठिपकेवाली म्हणत. ती विद्यापीठात संशोधन करायची. संशोधन म्हणजे काय, तर गल्लीतल्या प्रत्येक माणसाचा एक ठिपका काढायचा, तो ज्याच्याशी बोलतो त्याच्या ठिपक्यापर्यंत रेघ ओढायची, आणि ज्या रेघा लोक सांगायला विसरले किंवा लाजले, त्या प्रोग्रॅमने ओळखायच्या. नियम सोपा होता. जी दोन माणसं सारखी, त्यांच्यात रेघ असणार. सारखी म्हणजे ज्यांचा न्हावी एक, दूधवाला एक, दाताचा डॉक्टर एक आणि कुरकूर एक. गल्लीला हे सगळं भविष्य सांगण्यासारखं वाटे, आणि दोघातिघांनी तिच्यापुढे तळहात पसरूनही पाहिला होता.

प्रोग्रॅमने दहा रेघा ओळखल्या होत्या. त्या खऱ्या आहेत का हे बघायला ती घरोघर हिंडली आणि शेवटी मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. मॅडम तिच्या मार्गदर्शक. त्या विद्यार्थ्यांकडे बघून बोलत नसत. खिडकीतल्या कुंडीशी बोलत, आणि विद्यार्थ्यांनी ते बाजूने ऐकायचं असा रिवाज होता.

"नऊ जोड्या खऱ्या निघाल्या, मॅडम."

"आणि दहावी?" मॅडमनी कुंडीला विचारलं.

"त्यांचं बोलणंच नाही."

"दहावी म्हणजे सगळ्यात खालची ना?"

"सगळ्यात वरची."

मॅडमनी कुंडीतलं एक पिवळं पान खुडलं. ठिपकेवालीला ते आपल्याच अंगाचं खुडल्यासारखं वाटलं.

"म्हणजे जिथे सगळ्यात जास्त खात्री, तिथेच तोंडावर आपटलो. परीक्षक नेमकं तिथे बोट ठेवतील. एक तर ती रेघ खरी आहे हे दाखव, नाही तर नियम कुठे चुकला ते सांग. महिनाअखेरपर्यंत. दोन्ही जमलं नाही तर अजून एक वर्ष थांबायचं."

अजून एक वर्ष असं म्हणणं मॅडमना सोपं होतं. ठिपकेवालीची शिष्यवृत्ती संपली होती, ती काकांच्या दुकानावरच्या खोलीत फुकट राहत होती, आणि आईचं म्हणणं असं होतं की पुष्कळ शिकून झालं, आता थोरल्या भावाच्या दुकानात बाथरूमच्या टाइल्स विकायला बस. भावाने तिच्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. आई फोनवर दरवेळी सांगायची, "फिरती आहे गं. गोल फिरते." आयुष्यात याहून जास्त काय हवं, असा त्या वाक्याचा सूर असायचा.

तेव्हा काका आणि समोरचे यांच्यावर तिचं सगळं येऊन ठेपलं होतं.

गल्ली अरुंद होती आणि दोन्ही दुकानं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून होती. दोन्हीकडे काचेत एकेक बिनमुंडक्याचा पुतळा, दोघांच्या अंगावर करडा कोट, दोघांच्या गळ्यात टेप. 'समोरचे' म्हणजे कोण, हे तुम्ही कुठल्या बाजूच्या फुटपाथवर उभे आहात यावर अवलंबून असे. त्यामुळे गल्लीत दोन टेलर होते आणि दोघंही समोरचेच होते. पण ठिपकेवाली काकांच्या बाजूला राहायची, म्हणून इथे समोरचे म्हणजे ते पलीकडचे.

भांडण असं काही झालंच नव्हतं. दोघं एकाच दिवशी एकाच मास्तरांकडे शिकायला लागले, एकाच दिवशी शिकून बाहेर पडले, आणि निरोप देताना मास्तरांनी प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगितलं, तुझ्यासारखा हात नाही. मास्तर हे सगळ्यांनाच सांगत. पण या दोघांना ते खरं वाटलं. मग दोघांनी एकमेकांना पत्ता लागू न देता दुकानासाठी जागा शोधल्या. चांगली गल्ली कुठली हे दोघांनाही एकाच आठवड्यात कळलं. पहिल्या दिवशी सकाळी दोघांनी शटर वर केलं, समोर बघितलं, आणि तेव्हापासून प्रत्येकाच्या मते दुसऱ्याने नक्कल केली होती. एकदा न्हाव्याकडे गाठ पडते म्हणून काकांनी तीन गल्ल्या सोडून नवा न्हावी धरला. तिथे खुर्चीत समोरचे आधीच बसले होते, तोंडाला साबण लावून.

ठिपकेवालीने पहिला प्रयत्न जेवताना केला.

"काका, तुम्ही आणि समोरचे किती सारखे आहात, कधी लक्षात आलंय?"

काकांचा घास हातातच राहिला. "कोण म्हणतं?"

"प्रोग्रॅम."

"त्याला सांग, आधी मी होतो."

"दोघं एकाच दिवशी होतात म्हणे," काकू वाढता वाढता म्हणाली.

"मी सकाळी होतो. तो दुपारी आला असेल."

"दुपारी आला असता तर मास्तरांनी जेवायला घालून परत पाठवला असता," काकू म्हणाली. काकूला भांडणात रस नव्हता, फक्त तपशिलात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काकांनी मिशी काढून टाकली. तीस वर्षांची जाडजूड मिशी. सारखेपणा निदान तेवढ्याने कमी होईल असा हिशेब. ओठ उघडा पडल्यावर ते कुणी वेगळेच दिसायला लागले, जरासे घाबरलेले. तशाच अवस्थेत ते दुकान उघडायला गेले. समोरचं शटर वर गेलं. समोरच्यांनीही मिशी काढली होती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना त्याच सकाळी मिशीचा कंटाळा आला होता.

प्रोग्रॅमने गुण वाढवून अठ्ठ्याण्णव केले.

दुसरा प्रयत्न जास्त विचार करून केला होता. दोघांचा दाताचा डॉक्टर एक होता, आणि दवाखान्यात बाक एकच होता. काकांची डावीकडची खालची दाढ दुखत होती. ठिपकेवालीने डॉक्टरांच्या मदतनीस बाईंना विचारलं तेव्हा कळलं की समोरच्यांचीही डावीकडची खालचीच. तिने दोघांना एकच वेळ मिळेल अशी व्यवस्था केली आणि स्वतः कोपऱ्यात जुनं मासिक घेऊन बसली. माणसं दुखण्याबद्दल बोलायला लागली की सगळं विसरतात, असा तिचा अंदाज होता. अंदाज बरोबरच होता. फक्त डॉक्टरांनी वेळ वाचवायला दोघांनाही आधीच सुई टोचून तोंडात कापसाचे बोळे भरून बाकावर बसवलं. अर्धा तास दोघं मांडीला मांडी लावून भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडे बघत राहिले.

डॉक्टर बाहेर आले. "तुम्ही भाऊ का?"

"अंहं," दोघं म्हणाले. एकाच क्षणी, एकाच पट्टीत.

ठिपकेवालीने बाहेर येऊन मॅडमना फोन लावला. "मॅडम, दोघांनी मिळून काढलेला हुंकार रेघ म्हणून धरता येईल का?"

"एकमेकांना उद्देशून होता?"

"डॉक्टरांना."

"मग डॉक्टरांकडे जाणाऱ्या दोन रेघा झाल्या. त्या आपल्याकडे आहेतच," असं म्हणून मॅडमनी फोन ठेवला.

महिना संपत आला. आईने फोनवर सांगितलं की खुर्चीला आता उंची कमीजास्त करायचा दांडाही बसवलाय. ठिपकेवाली दिवसभर गल्लीत इकडून तिकडे फिरायची आणि लोक तिला बघून उगीच एकमेकांशी बोलायला लागायचे, मदत म्हणून. त्याने संशोधनाचं वाटोळंच होत होतं. चालून चालून तिच्या चपलेचा पट्टा तुटला, म्हणून ती कोपऱ्यावरच्या बूट दुरुस्त करणाऱ्याकडे गेली.

बूटवाला पुढ्यात दोन बूट ठेवून डोक्याला हात लावून बसला होता.

"काय झालं?"

"एका गिऱ्हाइकाचा उजवा बूट कुत्र्यानं पळवला. दुसऱ्याचा उजवा गाडीतून पडला. दोघंही राहिलेला बूट माझ्याकडे टाकून गेले, म्हणाले याला जोडी बघ." त्याने बूट उचलून दाखवले. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, रंग तोच, टाचेची झीजसुद्धा तीच. "इतकी बेमालूम जोडी मी जन्मात बघितली नाही. आणि दोन्ही डावे."

"घालून बघितले?"

"बघितले. माणूस नुसता गोल गोल फिरतो."

"आणि एखादा उजवा मिळाला तर?"

"मग दोघंही तोच मागणार. परत भांडण माझ्याच गळ्यात," बूटवाला म्हणाला. "पट्टा संध्याकाळी मिळेल. आज माझं डोकं ठिकाणावर नाही."

ठिपकेवाली एक पाय अनवाणी टाकत घरी आली, पण तिकडे तिचं लक्षच नव्हतं. नियम कुठे चुकला हे तिला दिसलं होतं. ज्या नऊ जोड्या खऱ्या निघाल्या, त्या सगळ्या बसून गप्पा मारणाऱ्यांच्या होत्या. बुद्धिबळ खेळणारे दोन निवृत्त मास्तर, एकाच सुनेला नावं ठेवणाऱ्या दोन आज्या. नुसत्या गप्पांना सारखी माणसं चांगली. कामाने माणूस गाठायचा तर आपल्याकडे नाही असं काहीतरी त्याच्याकडे लागतं. काकांकडे नाही असं समोरच्यांकडे काय होतं? काही नाही. सुयांचे नंबरसुद्धा तेच. हे दोघं दोन डावे बूट होते. एकमेकांत त्यांचं काही काम नव्हतं. पण एकाला जो उजवा बूट बसतो, तो दुसऱ्यालाही बसणार.

म्हणजे तुझ्यासारखा कोण, असं विचारायचंच नाही. तुझ्यासारखा जो आहे, त्याची ऊठबस कुणाशी, ते विचारायचं. मग तुझीही त्याच माणसाशी असणार.

तिने नवा नियम घातला आणि प्रोग्रॅम चालवला. त्याने थोडा वेळ घुरघुर केली आणि सगळ्यात वर नवी जोडी मांडली. समोरचे आणि काकू. शंभरात नव्व्याण्णव. त्याच्या खाली, काका आणि समोरच्यांची बायको, म्हणजे समोरच्या काकू.

ठिपकेवालीने लॅपटॉप मिटला. मग त्यावर एक उशी ठेवली.

काकू मागच्या खोलीत गिऱ्हाइकांच्या पँटींना इस्त्री करत होती.

"काकू, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार."

"समोरच्यांशी तुझं काही बोलणं आहे का?"

काकूने इस्त्री उभी करून ठेवली. "दार लाव."

ठिपकेवालीने दार लावलं. एका क्षणात तिने काकूचं घर मोडलं, काकांना वनवासाला पाठवलं, स्वतः टाइल्सच्या दुकानात फिरत्या खुर्चीत बसली आणि तिथून सगळ्यांची क्षमा मागितली.

काकूने खुंटीवरचा आपला करडा कोट काढून तिच्यापुढे धरला. "हा कुणी शिवलाय?"

"काकांनी."

"तुझ्या काकांनी माझा शेवटचा कपडा शिवला तो लग्नाच्या आधी. तोही माप घ्यायला मिळावं म्हणून. लग्न झालं आणि मी घरची झाले. म्हणे, तू घरचीच आहेस, आधी गिऱ्हाइकांचं होऊ दे. गिऱ्हाइकं कधी संपतात का गं? एक अख्खा हिवाळा मी शाल गुंडाळून काढला. टेलरची बायको, आणि शाल. पुढच्या हिवाळ्यात रस्ता ओलांडला."

"काकांना काय सांगितलंस?"

"तयार घेतला, बाजारातून."

"पण काका शिवण बघून ओळखतील ना?"

"तीच तर गंमत. दोघांचा टाका एक. त्यांनी निरखून बघितलं तरी त्यांना वाटणार, किती छान शिवलंय, अगदी माझ्यासारखं."

"मी सगळ्यांना विचारत होते तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू काकांच्या देखत विचारलंस." काकू पुन्हा इस्त्रीला लागली. "आणि ती इकडे येते. समोरची. तिचीही तीच कथा. तिचे ड्रेस तुझे काका शिवतात."

"ती कोण आहे हे काकांना माहीत आहे?"

"न माहीत असायला काय झालं? त्याची बायको आपल्याकडे येते म्हणून मिशीत हसत शिवतात. आता मिशी नाही, तर नुसतेच हसतात. तिकडे तोही तसाच हसत असेल. आपलं मात्र कुणी तिकडे जात नाही असं दोघांनाही वाटतं."

ठिपकेवाली खाली बसली. प्रोग्रॅम बरोबर होता. दोन्ही रेघा खऱ्या होत्या, नियम सुधारला होता, वर्ष वाचलं होतं. आणि तोंडी परीक्षेला चित्र भिंतीवर मोठं करून दाखवायचं होतं, आणि काकांनी त्यासाठी अर्ध्या गल्लीला आमंत्रण देऊन ठेवलं होतं. पुतणी डॉक्टर होणार म्हणून. कुठली डॉक्टर हे ते सांगत नसत, त्यामुळे दोघेतिघे आपले रिपोर्ट घेऊन येणार होते.

"त्या चित्रात तुझ्या ठिपक्यापासून समोरच्यांपर्यंत रेघ दिसेल, काकू."

"दिसेल."

"काका पहिल्या रांगेत असणार."

काकूने पँटची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "रेघ काढलीस तर माझा कोट गेला. नाही काढलीस तर तुझं वर्ष गेलं."



"काढ," काकू शेवटी म्हणाली. "पण यंदाचा शिवायला टाकलाय, तेवढा होऊ दे. एकदा अंगावर आला की मग काय भांडायचं ते भांडू."

यंदाचा कोट मात्र होत नव्हता. समोरचे रोज उद्या म्हणत. महिन्याचे मोजके दिवस उरले, तेव्हा ठिपकेवालीने स्वतःच रस्ता ओलांडला.

समोरच्यांच्या दुकानात पाऊल टाकल्यावर तिला चुकून आरशात शिरल्यासारखं वाटलं. कात्र्या डावीकडे हव्या होत्या त्या उजवीकडे होत्या, बाकी सगळं तेच. समोरच्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"त्याची पुतणी ना तू? ठिपक्यांची?"

"हो. काकूचा कोट कधी होईल?"

"उद्या."

"उद्या म्हणजे उद्या, की परवा विचारलं तर परवाचा उद्या?"

समोरचे हसले. काका जसे हसले असते तसेच, आणि मग काकांनी जे म्हटलं असतं तेच म्हणाले. "घाईचा कोट घाईतच उसवतो." ठिपकेवालीला त्यांच्याशी बोलणं फार सोपं गेलं. पुढचं वाक्य तिला आधीच माहीत असायचं.

कोट खरं तर जवळजवळ झाला होता. शेजारी मापाला आणलेला काकूचा जुना कोट पडला होता. समोरच्यांनी त्याच्या डाव्या खांद्यावरून अंगठा फिरवला.

"इकडे ये. इथे हात लाव. काय लागतं?"

"काही नाही."

"इथे उसवून परत शिवलंय. अर्धं बोट वर घेतलाय खांदा. दरवेळी जुना कोट मापाला येतो आणि दरवेळी डावा खांदा कुणीतरी उसवलेला असतो. तुझ्या काकूचा डावा खांदा किंचित वर आहे. टेपवर ते येत नाही. रोज घरात वावरताना बघणाऱ्यालाच दिसेल."

ठिपकेवालीने पुन्हा तिथे बोट फिरवलं. "म्हणजे काकांना कळलंय."

"पहिल्याच वर्षी कळलं असणार. स्वतःचा टाका आणि माझा टाका त्याला वेगळा ओळखू येत नसेल, तर तो टेलर कसला?"

"मग तुम्हीच नवा कोट शिवताना तो खांदा वर का घेत नाही?"

समोरच्यांनी सुईत दोरा ओवला. पहिल्याच खेपेला गेला. "मग त्याला करायला काय राहील?"

ठिपकेवाली जवळजवळ धावतच परत आली. काका कापडावर खडूने बाहीची आकृती काढत होते.

"काका, तुम्ही काकूच्या कोटाचा खांदा उसवता?"

काकांच्या खडूची रेघ जरा वाकडी गेली. त्यांनी ती झटकली, मान वळवून मागच्या खोलीचं दार बंद आहे याची खात्री केली, आणि आवाज खाली आणला. "तो मुद्दाम चुकवतो. त्याचं माप चुकत नाही. मास्तरांकडे होतो तेव्हापासून बघतोय, एक सूतभर चुकायचा नाही. आणि नेमका एवढाच खांदा दर वर्षी चुकतो होय?"

"आणि समोरच्या काकूंचे ड्रेस?"

"त्यांचा काठ मी बोटभर लांब ठेवतो. त्या चालताना डावा पाय जरा ओढतात, तो काठ तिकडे किती घ्यायचा ते त्यालाच माहीत. तो घरी बसून दुमडतो. चांगला दुमडतो." काकांनी हे शेवटचं वाक्य दाढ काढावी तसं बाहेर काढलं.

"म्हणजे वीस वर्षं तुम्ही दोघं…"

"काही नाही आम्ही दोघं."

ठिपकेवालीच्या डोक्यात सगळे ठिपके एकदम पेटले. पहिला नियमही खराच होता तर. सत्त्याण्णव गुणांची रेघ होती, फक्त ती दोन बायकांच्या कपड्यांतून वळसा घेऊन गेली होती. "मग काढू का मी रेघ? तुमच्यात आणि समोरच्यांच्यात?"

"कसली रेघ? आमचं बोलणं नाही."

"पण काका…"

"नाही म्हणजे नाही. उद्या गिऱ्हाईक म्हणेल, तुम्ही दोघं एकच, मग मी रस्ता कशाला ओलांडू?" काका पुन्हा बाहीकडे वळले. "काकूची ती काढ. ती खरी आहे. तिला फक्त सांग की परीक्षेच्या दिवशी तू माझा चष्मा लपवणार आहेस. तिला वाटू दे मला कळत नाही. त्या निमित्ताने ती मला दरवेळी बाजार कसा महागलाय ते सांगते, आणि फार सुंदर सांगते."

ठिपकेवालीने ते मान्य केलं. तरी संशोधक म्हणून दुसऱ्या बाजूचं म्हणणं घेणं भाग होतं, म्हणून कोट आणायला गेली तेव्हा तिने समोरच्यांनाही विचारलं. ते कागदात कोट गुंडाळत होते.

"कसली रेघ?" समोरचे म्हणाले. "आमचं बोलणं नाही."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती प्रबंध घेऊन मॅडमकडे गेली. मॅडमनी नवा नियम वाचला, पुन्हा वाचला, आणि चित्र उघडलं. समोरच्यांपासून काकूपर्यंत रेघ होती. काकांपासून समोरच्या काकूंपर्यंत रेघ होती. मध्ये दोन टेलरांचे दोन ठिपके, एकमेकांच्या अगदी जवळ, आणि त्यांच्यामध्ये कोरा कागद.

"यांच्यात नाहीच?" मॅडमनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"नाही, मॅडम."

"खात्री करून घेतलीस?"

"दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं. दोघांनी अगदी त्याच शब्दांत नाही सांगितलं."

मॅडमनी थोडा वेळ तिच्याकडे बघितलं, मग सही केली. पेनचं टोपण लावता लावता त्यांनी विचारलं, "माझं एक कापड दोन वर्षं पडलंय कोटाचं. यांतला चांगला कोणता?"

ठिपकेवालीने प्रामाणिकपणे विचार केला. "एकाकडे शिवायला टाका, मॅडम. झाला की दुसऱ्याकडे दुरुस्तीला न्या."

"नव्या कोटाला दुरुस्ती कशाला लागेल?"

"लागेल," ठिपकेवाली म्हणाली आणि प्रबंध उचलून निघाली.